पिंपळावरची नक्कल

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता. आता आपल्याकडच्या जंगलात सिंह कुठून आला, असं कुणी मध्येच विचारू नका. बोधकथेत राजा सिंहच असतो. वाघाने कितीही खटपट केली तरी त्याला तिथे घेत नाहीत.

या जंगलात पूर्वी ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं, अशी साधी पद्धत होती. कुठलं बीळ कुणाचं, पाणवठ्यावर आधी कोण, कुणी कुणाला काय शब्द दिला, हे ज्याच्या त्याच्या डोक्यात असायचं. त्यामुळे भांडणं व्हायची. सशाला वाटायचं बीळ आपलं, घोरपडीला वाटायचं आपलं. मग दोघं महाराजांकडे न्याय मागायला जायची. महाराज दोघांचंही नीट ऐकून घ्यायचे आणि त्यातल्या एकाला खायचे. न्याय चोख व्हायचा, पण महाराजांची झोपमोड व्हायची.

शेवटी महाराजांनी फर्मान काढलं. "यापुढे कुणीही काहीही लक्षात ठेवायचं नाही. लक्षात ठेवणं हे खात्याचं काम."

असं स्मरण खातं सुरू झालं. जंगलाच्या मधोमध जो जुना वड होता, त्यावर पोपटांचा थवा बसवला. एका पोपटाला सगळी बिळं पाठ करायला दिली, दुसऱ्याला पाणवठ्याच्या पाळ्या, तिसऱ्याला सोयरिकी. राघूनाना नावाच्या एका वयस्क पोपटाकडे महाराजांनी दिलेली वचनं आली. खातेप्रमुख म्हणून कोल्होबांची नेमणूक झाली. कोल्होबांची स्वतःची स्मरणशक्ती बेताचीच होती. पण "होय महाराज" हे दोन शब्द ते जन्मात कधी विसरले नव्हते.

आता काजळीकडे येऊ. गोष्ट तिची आहे.

काजळी हे एक भेकर होतं. भेकर म्हणजे लहानसं हरीण, धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. एकदा महाराज शिकारीला गेलेले असताना रानकुत्र्यांची टोळी त्यांच्या गुहेकडे निघाली होती. गुहेत महाराजांचे बच्चे एकटे होते. काजळीने ती टोळी पाहिली आणि ती जीव तोडून भुंकत सुटली. महाराज धावत परत आले. बच्चे वाचले.

महाराजांना गहिवरून आलं. राजाला क्वचित येतं, पण येतं. ते म्हणाले, "काजळी, तुला आणि तुझ्या वंशाला माझ्या राज्यात अभय. माझ्या शेजारी उभी राहून पाणी पी. हा सिंहाचा शब्द आहे."

काजळीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि महाराज लगेच पुढे म्हणाले, "कोल्होबा, हे कुणाला तरी पाठ करायला सांगा."

तेव्हापासून रोज सकाळी पाणवठ्यावर एकच प्रसंग घडायचा. महाराज पाणी पिऊन मान वर करायचे. शेजारी काजळी दिसायची, गुबगुबीत, राजाच्या कुरणात चरलेली. महाराज जिभेने मिशा पुसायचे आणि विचारायचे, "नाना, हिला का खायचं नाही?"

राघूनाना सकाळच्या हजेरीला पाणवठ्यावर येत. ते फांदीवरून घडाघडा म्हणायचे, "रानकुत्र्यांची टोळी आली असता काजळीने भुंकून महाराजांचे बच्चे वाचवले, सबब तिला आणि तिच्या वंशाला अभय."

"असं होय," महाराज म्हणायचे. "बरं."

अरे मागे बसलेल्या, हसू नकोस. तुझ्या जिवावर रोज सकाळी असा प्रश्न निघाला तर तू काय करशील? काजळीचं पाणी घशाखाली उतरेना. तिचा जीव एका म्हाताऱ्या पोपटाच्या जिभेवर होता आणि तिला हे पक्कं कळलं होतं. त्यात तिला पिल्लू झालं. अंगावर ठिपके असलेलं, म्हणून त्याचं नाव ठिपका. आता नानांच्या जिभेवर दोन जीव झाले.

म्हणून काजळी जरा सवड मिळाली की वडाकडे जायची. नानांना वचन आठवतंय ना, एवढंच बघायचं असायचं.

पण वडाकडे जाणं सोपं नव्हतं. दारातल्या फांदीवर एक पोपट बसायचा. तो म्हणायचा, "स्मरण खात्यात आपलं स्वागत आहे. आपला प्रश्न आमच्यासाठी फार मोलाचा आहे. कृपया थांबा." मग तो शीळ घालायचा. बराच वेळ शीळ घातल्यावर परत म्हणायचा, "आपला प्रश्न आमच्यासाठी फार मोलाचा आहे." आतले पोपट बहुधा झोपलेले असत. पण कोल्होबा महाराजांना सांगत, "महाराज, आपला वड अष्टौप्रहर जागा आहे. आजवर आलेल्या एकालाही उत्तर मिळालं नाही, असं झालेलं नाही." आणि ते खोटं नव्हतं. थांबा हेही उत्तरच.

थांबून झालं की खूण द्यावी लागे. आधी दारचा पोपट तोंड बघून आत सोडायचा. त्यात वशिलेबाजी होते, अशी ओरड झाली. मग कोल्होबांनी नियम केला की तोंडाकडे बघायचंच नाही, फक्त खूण बघायची. ज्याने त्याने आपली गुप्त खूण ठरवायची. खुणेत एक उडी हवी, एक दुसऱ्या प्राण्याचा आवाज हवा आणि एखादा असा चाळा हवा जो आपल्या आईनेही कधी केला नसेल. शिवाय दर पौर्णिमेला खूण बदलायची.

सुरक्षा वाढली. कासवाला उडी जमेना, त्यामुळे त्याला स्वतःबद्दलची माहिती कधीच मिळाली नाही. साळिंदर आपली खूण विसरायचं, म्हणून ते रोज सकाळी बिळाच्या तोंडाशी सगळ्यांदेखत तिचा सराव करायचं. काजळी उडी मारून, घुबडासारखा घुत्कार करून, मागच्या पायाने कान खाजवायची. आई होती बिचारी. पिल्लासाठी घुबडही व्हायची.

खुद्द कोल्होबांना मात्र दिवसातून कितीदा तरी आत-बाहेर करावं लागे. त्यांना एवढ्या कसरती कशा परवडणार? त्यांनी स्वतःपुरती खूण ठेवली होती शेपूट हलवण्याची. ती त्यांनी कधी बदलली नाही. सगळ्या जंगलाला ती माहीत होती, पण ती गुप्त आहे हेही सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलत नसे.

एक दिवस आत गेल्यावर काजळीने विचारलं, "नाना, माझं वचन म्हणा बरं."

राघूनानांनी डोळे मिटले. "रानकुत्र्यांची टोळी आली असता... महाराजांना उजव्या नाकपुडीतून शिंक आली... सबब..."

काजळी तशीच कोल्होबांकडे धावली. "साहेब, नाना चुकतायत हो!"

कोल्होबांनी सुस्कारा सोडला. "काय करणार, काजळीबाई? पोपटांच्या डोक्यांत जागाच उरली नाही. माकडं आपली प्रत्येक उडी पाठ करायला सांगतात. महाराजांच्या डरकाळ्या ठेवायच्या, जांभया ठेवायच्या, शिंका ठेवायच्या. राजाची शिंक टाकून देता येते का?"

"मग जुनं काही काढून टाका की."

"तेच करतोय. जुनी वचनं अजगराच्या कानात सांगून ठेवतोय. त्याच्या पोटात गेलेलं इकडचं तिकडे होत नाही. हवं तेव्हा परत मिळतं. फक्त त्याला जागं करावं लागतं."

"आणि जागा झाला की?"

"भुकेलेला असतो," कोल्होबा म्हणाले. "म्हणून अजून कुणी काही परत मागितलेलं नाही."

काजळीने हातापाया पडून आपलं वचन वडावरच ठेवून घेतलं. शिंका थोड्या बाजूला सरकवल्या गेल्या. नाना पुन्हा घडाघडा म्हणू लागले. काजळीला जरा झोप लागायला लागली.

त्या हिवाळ्यात तळ्यावर एक फ्लेमिंगो उतरला. तो देशोदेशींची तळी पाहून आला होता आणि एका पायावर उभा राहून बोलायचा. दोन पायांवर उभं राहून बोलणाऱ्यांचं आपल्याकडे कोण ऐकतं? महाराजांनी त्याला फराळाला बोलावलं. त्याने चोच पुसत विचारलं, "वड छान आहे. पण उद्या त्यावर वीज पडली तर?"

महाराजांनी हातातला घास खाली ठेवला.

फ्लेमिंगो म्हणाला, "नदीपलीकडच्या टेकडीवर पिंपळ आहे. तिथे पोपटांचा दुसरा थवा बसवा. वडावरच्यांनी रोज संध्याकाळी तिथे जाऊन सगळं म्हणून दाखवायचं. पिंपळावरच्यांनी ऐकायचं. म्हणजे जंगलाच्या सगळ्या आठवणींची नक्कल तयार. पुढारलेल्या तळ्यांवर आजकाल असंच असतं."

महाराज खूश झाले. फ्लेमिंगोला तळ्यातला सगळ्यात चांगला चिखल मिळाला.

मग रोज संध्याकाळी वडावरचा थवा नदी ओलांडून पिंपळावर जायचा आणि एकदम कलकलाट करायचा. बिळं, पाळ्या, सोयरिकी, वचनं, शिंका, सगळं. पिंपळावरचे पोपट तो गोंगाट ऐकत बसायचे. कुणी पिसं साफ करायचं, कुणी डुलक्या घ्यायचं. शेवटी कोल्होबा खालून विचारायचे, "झाली का नक्कल?"

पिंपळावरचे पोपट एका सुरात म्हणायचे, "नक्कल झाली! सगळं नीट!"

हे म्हटलं की प्रत्येकाला एक पिकलेला पेरू मिळायचा. कोल्होबा महाराजांकडे जाऊन सांगायचे, "नक्कल झाली, सगळं नीट." महाराज मान डोलवायचे आणि झोपायचे. इतक्या शिस्तीने त्या जंगलात दुसरं काहीही होत नव्हतं. एकही दिवस खाडा नाही. खात्याचा सत्कार झाला. कोल्होबांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि त्यांनी तो दोन दिवस काढला नाही.

फक्त काजळीला चैन पडेना. आयांचं असंच असतं, सगळं नीट म्हटलं की त्यांना जास्त भीती वाटते. तिने एक दिवस धीर करून विचारलं, "कोल्होबा, त्या पिंपळावरच्या पोपटांना एकदा माझं वचन म्हणायला लावता का?"

कोल्होबा चमकले. "म्हणायला? बाई, त्यांचं काम ऐकण्याचं. म्हणण्याचं काम वडावरच्यांचं. उद्या पिंपळावरचे बोलायला लागले तर वडावरचे रुसतील."

"एकदाच. माझ्या समाधानासाठी."

"अहो, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या उगाच रोज काढून बघतं का कुणी? फुटतात. नक्कल ही वेळेला काढायची वस्तू आहे. आणि तुम्ही असा संशय घेतलात हे महाराजांच्या कानावर गेलं, तर तुमच्याच वचनाला बाधा यायची."

काजळी गप्प बसली. तिच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही बसला असतात. मोठ्या झालेल्या मुलांना हे विचारून बघा.

आणि मग ती दुपार आली. वीज पडली नाही. पूर आला नाही. ऊन छान पडलं होतं. वडाच्या दारात एक ससाणा येऊन बसला. वाकडी चोच, पिवळे डोळे, नख्या अशा की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पण दारच्या पोपटाने बघितलंच नाही. तोंडाकडे बघायचं नाही हा नियम होता.

ससाण्याने शेपूट हलवली.

"यावं, कोल्होबा," पोपट म्हणाला आणि बाजूला सरकला.

पुढचं फार सांगत नाही. वडाखाली हिरव्या पिसांचा सडा पडला. जे पोपट वाचले ते भीतीने असे उधळले की त्यांना स्वतःचं नावही आठवेना. राघूनाना उडू शकले नाहीत. म्हातारे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज पाणवठ्यावर आले. पाणी प्यायले. मान वर केली. शेजारी काजळी होती, तिच्या पायाशी ठिपका होता. महाराजांनी मिशा पुसल्या.

"नाना, हिला का खायचं नाही?"

फांदी रिकामी होती.

महाराज पुन्हा म्हणाले, "कुणीतरी सांगा. हिला का खायचं नाही?"

पळावं, असं काजळीला वाटलं. तेवढ्यात कोल्होबा धापा टाकत आले. "महाराज, जरा थांबा! काजळीबाई, तुम्हीही पळू नका. पळालात तर वचन नव्हतंच असा अर्थ होईल. अहो, नक्कल आहे! याच दिवसासाठी तर ठेवली होती!"

सगळं जंगल पिंपळाकडे निघालं. गवे आले, सांबरं आली, साळिंदर आलं. आपापल्या बिळाची आणि पाळीची सगळ्यांनाच काळजी होती. महाराज न्याहारी न करताच निघाले होते, त्यामुळे ते फार बोलत नव्हते. काजळी ठिपक्याला पोटाशी धरून चालत होती. पिंपळावर थवा होता. सगळेच्या सगळे होते, धष्टपुष्ट, पेरू खाऊन तुकतुकीत झालेले. त्यांना बघून काजळीला रडूच फुटलं. आपण उगाच संशय घेतला, असं तिला वाटलं.

कोल्होबांनी घसा खाकरला. "पोपटांनो, सांगा. महाराजांनी काजळीला काय वचन दिलं आहे?"

पोपटांनी माना वाकड्या केल्या. एकमेकांकडे बघितलं. मग एका सुरात ओरडले, "नक्कल झाली! सगळं नीट!"

कोल्होबा हसले. "हो हो, ते माहीत आहे. वचन सांगा."

"नक्कल झाली! सगळं नीट!" पोपट म्हणाले आणि पेरूसाठी चोची उघडून बसले.

"बरं, साळिंदराचं बीळ कुठलं?"

"सगळं नीट!"

"पाणवठ्यावर आज पाळी कुणाची?"

"नक्कल झाली!"

जे म्हटल्यावर पेरू मिळतो तेवढंच पाठ होतं, बाळांनो. तुमचंही तसंच आहे आणि माझंही. त्या पोपटांवर मी रागावणार नाही.

कोल्होबांची शेपूट गळाली. मग काजळी पुढे आली. ती म्हणाली, "महाराज, पोपटांना नसेल आठवत. पण वचन आपण दिलंत. आपल्या तोंडाने दिलंत. आपल्याला तर आठवतं ना?"

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं. ती टोळी, ते भुंकणं, गुहेच्या तोंडाशी थरथरणारे बच्चे, सगळं आठवत होतं.

"काजळी," ते म्हणाले, "मला काय आठवतं हा प्रश्नच नाही. राजानेच नियम मोडला तर कसं चालेल? लक्षात ठेवणं हे खात्याचं काम. खात्याला आठवत नाही ते घडलेलं नाही."

तेव्हा काजळीला काय झालं कोण जाणे. तिची भीती गेली. आणखी गमावण्यासारखं काही उरलं नाही की जाते. ती पिंपळाकडे वळली आणि मोठ्याने विचारलं, "पोपटांनो, या जंगलाचा राजा कोण?"

"नक्कल झाली!" पोपट म्हणाले. "सगळं नीट!"

मग गर्दीतला सगळ्यात मोठा गवा सावकाश उठून उभा राहिला. त्याच्या मागे दुसरा उठला. सांबरांनी शिंगं वर केली. साळिंदराचे काटे फुलले. एक क्षणभर, बाळांनो, अगदी एक क्षणभर त्या टेकडीवर राजा कुणीच नव्हता.

महाराजांनी तोंड उघडलं. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दात दाखवले, पुढचे, मागचे, सुळे, सगळे. त्यांच्या राज्याची नक्कल त्यांनी आपल्या तोंडात ठेवली होती आणि ती रोज वापरून नीट पारखलेली होती.

सांबरांची शिंगं खाली आली. दुसरा गवा बसला. मोठा गवा म्हणाला, "मुंग्या चावत होत्या, म्हणून उठलो होतो." मग तोही बसला.

महाराज झेपावले तेव्हा काजळीला पळता आलं असतं. करवंदीची जाळी अगदी जवळ होती. पण ठिपका भांबावून तसाच उभा होता. काजळी जागची हलली नाही. ती त्याच्याकडे तोंड करून भुंकली, त्या रानकुत्र्यांच्या दिवशी भुंकली होती तशीच, जीव तोडून. ठिपक्याला ते कळलं. तो जाळीत शिरला आणि पलीकडून निसटला.

काजळीचं भुंकणं मध्येच थांबलं.

मला या ठिकाणी दरवेळी राग येतो. तुम्हालाही येऊ द्या. पण गोष्ट अजून संपलेली नाही, कारण चौकशी व्हायची होती.

चौकशी झाली. खात्याची चूक नसल्याचं आढळलं, कारण नक्कल रोज झाली होती आणि तसं पिंपळावरच्या पोपटांनी स्वतः सांगितलं. दोष वडाच्या दारच्या पोपटाला दिला. तो ससाण्याच्या पोटात गेला असल्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. कोल्होबांना बढती मिळाली. फ्लेमिंगोला पुन्हा फराळाला बोलावलं आणि त्याच्या सल्ल्याने पलीकडच्या डोंगरावर, उंबराच्या झाडावर पोपटांचा तिसरा थवा बसवला. पिंपळावर नक्कल नीट झाली की नाही, याची खात्री करणं हे त्यांचं काम. ते रोज संध्याकाळी पिंपळावरच्यांना विचारतात, "झाली का नक्कल?" पिंपळावरचे म्हणतात, "झाली!" मग दोन्ही झाडांवर पेरू वाटतात.

वडावर नवे पोपट आले. महाराजांनी गहिवरून आणखी पुष्कळांना वचनं दिली. आता ते आधीपेक्षा जास्त मोकळ्या हाताने देतात.

ठिपका मोठा झाला. तो पाणवठ्यावर कधी येत नाही. डोंगराच्या पलीकडच्या ओढ्यावर पाणी पितो. दूरवर पान वाजलं तरी भुंकतो, आणि त्याच्या भुंकण्याने ओढ्यावरची सगळी हरणं सावध होतात. कोल्होबा एकदा त्याच्याकडे गेले होते. म्हणाले, "अरे, तुझी नावनिशी खात्यात देऊन टाक. तुझ्या आईचं वचन वंशपरंपरेचं होतं असं ऐकिवात आहे. बघू काही करता आलं तर."

ठिपका त्यांच्याकडे बघून भुंकला. कोल्होबांनी परत येऊन सांगितलं, की या जनावराला खात्याची भाषा समजत नाही.

तात्पर्य : थोरांनी दिलेलं वचन कधीही मोडू नये. ते जतन करण्यासाठी एक चांगलं खातं काढावं, म्हणजे मोडण्याची वेळच येत नाही.